अ‍ॅम्प्लिफायर किती तापणे स्वाभाविक समजावे?

गांधार (धागाकर्ता)

अलीकडेच मी जुना क्लास डी (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणारा) अ‍ॅम्प्लिफायर बदलून एक वजनदार इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर घेतला आहे. तो सुरुवातीचे काही वॉट क्लास ए मध्ये (ट्रान्झिस्टरमधून सतत प्रवाह वाहता ठेवून) देतो आणि त्यापुढे क्लास एबी मध्ये (जिथे ट्रान्झिस्टर बव्हंशी आळीपाळीने काम करतात) जातो, असे त्याच्या माहितीपत्रकात म्हटले आहे. आधीचा अ‍ॅम्प्लिफायर दिवसभर चालू राहिला तरी जेमतेम कोमट होत असे. हा मात्र तासाभरात इतका तापतो की दोन्ही बाजूंच्या हीटसिंकवर (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांवर) हात फार वेळ ठेववत नाही. खोलीचे तापमान २७ अंश असताना इन्फ्रारेड थर्मामीटरने डाव्या हीटसिंकचे तापमान ५४ अंश, उजव्याचे ५० अंश आणि वरच्या झाकणाचे ३३ अंश दिसले. आवाज अत्यंत कमी असला, किंबहुना काहीच वाजत नसले, तरी हे आकडे जवळजवळ तेच राहतात.

माहितीपुस्तिकेत 'उपकरण गरम होणे स्वाभाविक आहे' एवढे एकच वाक्य आहे आणि त्याने माझे समाधान झालेले नाही. माझे प्रश्न असे: वेगवेगळ्या प्रकारच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी स्वाभाविक तापमान कोणते, चिंता नेमकी कुठून सुरू करावी, आणि डाव्या-उजव्या बाजूंमधला हा फरक दोषाचे लक्षण आहे काय?

खर्ज

तुमचे आकडे वाचून मला तरी काळजीचे काही दिसत नाही, पण त्यामागची कारणे थोडी विस्ताराने मांडतो, कारण 'अमुक अंशांपर्यंत ठीक' असा एकच आकडा सर्व अ‍ॅम्प्लिफायरना लावता येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे हीटसिंकचे तापमान खोलीच्या तापमानाशिवाय वाचू नये. हीटसिंक ठरावीक वॉट उष्णता हवेत सोडतो आणि त्यासाठी त्याला हवेपेक्षा ठरावीक अंशांनी अधिक तापावेच लागते. हा फरक 'अंश प्रति वॉट' या एककात मोजतात. २७ अंशांच्या खोलीतले ५४ अंश म्हणजे २७ अंशांची वाढ होय. क्लास ए किंवा भरपूर बायस (संकेत नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहता ठेवलेला प्रवाह) दिलेल्या क्लास एबी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये २५ ते ३० अंशांची वाढ रचनाकार जाणूनबुजून ठेवतात, कारण त्याहून कमी वाढ हवी असेल तर हीटसिंकचा आकार, वजन आणि खर्च फार वेगाने वाढत जातो. हीच वाढ ३८ अंशांच्या खोलीत तुम्हाला ६५ अंश दाखवील आणि तरीही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काहीही बिघडलेले नसेल.

आता एक उदाहरण मांडून पाहू. समजा ±२४ व्होल्टवर चालणारा पुश-पुल (दोन ट्रान्झिस्टर विरुद्ध दिशांनी जोडीने काम करणारा) क्लास ए टप्पा आहे आणि त्यातून १.३ अँपियर स्थिर प्रवाह वाहतो आहे. ४८ गुणिले १.३ म्हणजे सुमारे ६२ वॉट उष्णता एका चॅनेलमध्ये अखंड निर्माण होते, मग संगीत चालू असो वा नसो. इतक्या प्रवाहावर ८ ओहमच्या स्पीकरला क्लास ए मध्ये साधारण २७ वॉट मिळतात. हीटसिंक ०.४ अंश प्रति वॉटचा असेल, तर तो खोलीपेक्षा २५ अंशांनी तापेल. पण ट्रान्झिस्टरच्या आतली सिलिकॉनची चकती हीटसिंकपेक्षा बरीच अधिक गरम असते. दोन ट्रान्झिस्टरमध्ये ही उष्णता वाटली, तर प्रत्येकी ३१ वॉट होतात. चकतीपासून आवरणापर्यंत ०.७ आणि मधल्या अभ्रकाच्या व पेस्टच्या थरात सुमारे ०.५ असा एकूण १.२ अंश प्रति वॉटचा अडथळा धरला, तर चकती हीटसिंकपेक्षा ३७ अंशांनी अधिक तापलेली असते. म्हणजे हीटसिंक ५० अंशांवर असताना चकती ८७ अंशांवर असते. प्लास्टिक आवरणाच्या बहुतेक पॉवर ट्रान्झिस्टरची कमाल मर्यादा १५० अंश आणि धातूच्या टीओ-३ आवरणातल्या बहुतेकांची २०० अंश असते, त्यामुळे इथे पुरेशी जागा शिल्लक राहते. हाताला जे असह्य वाटते ते सिलिकॉनला अजिबात असह्य नसते, आणि या विषयातली निम्मी भीती हात हेच मोजमाप मानल्यामुळे निर्माण होते.

एकतारी

एक बाळबोध शंका आहे. क्लास ए अ‍ॅम्प्लिफायर मोठ्या आवाजात वाजवला की उलट थोडा थंड होतो, असे मी अनेकदा ऐकले आहे. हे खरे आहे का? आणि खरे असेल, तर क्लास एबी मध्येही तसेच होते का?

खर्ज

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे. शुद्ध क्लास ए मध्ये वीजपुरवठ्यातून घेतली जाणारी सरासरी शक्ती सारखीच राहते. तिचा जो भाग स्पीकरकडे जातो, तेवढी उष्णता हीटसिंकवर कमी पडते. म्हणून असा अ‍ॅम्प्लिफायर शांत बसलेला असताना सर्वाधिक तापतो. पुश-पुल क्लास ए ची सैद्धांतिक कार्यक्षमतादेखील ५० टक्क्यांपलीकडे जात नाही, त्यामुळे दर चॅनेलला १०० वॉट शुद्ध क्लास ए मध्ये द्यायचे म्हटले की शांततेतही दर चॅनेलला किमान २०० वॉट उष्णता बाहेर टाकण्याची सोय करावी लागते. जाहिरातीत 'क्लास ए' लिहिलेला पण हलका आणि गार राहणारा १०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर दिसला, तर त्या दाव्याकडे जरा संशयाने पाहावे. बहुतेक वेळा त्यात संकेताबरोबर वरखाली होणारा बायस वापरलेला असतो. ते वाईट आहे असे नाही, पण ती वेगळी गोष्ट आहे.

क्लास एबी मध्ये मात्र चित्र निराळे आहे. आदर्श क्लास बी टप्पा धरला, तर ८ ओहमवर १०० वॉट देणारा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण शक्तीवर साधारण २७ वॉट उष्णता टाकतो, पण ४० वॉट देत असताना तो ४० वॉट उष्णता टाकतो आणि तीच त्याची सर्वांत वाईट अवस्था असते. म्हणजे मधल्या पट्ट्यात तो अधिक तापतो. ४ ओहमचा स्पीकर जोडला की ही उष्णता दुप्पट होते. अमेरिकेत १९७४ साली अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती जाहीर करण्याविषयी जो नियम आला, त्यात मोजणीपूर्वी एक तास एक-तृतीयांश शक्तीवर यंत्र चालवण्याची अट होती. ती याच वाईट अवस्थेच्या जवळ जाणारी असल्यामुळे उत्पादकांना जाचक वाटे, आणि २००० साली केलेल्या दुरुस्तीत ती एक-अष्टमांशावर आणली गेली. प्रत्यक्ष संगीतात सरासरी शक्ती शिखरांच्या मानाने फारच कमी असते, त्यामुळे घरातला क्लास एबी अ‍ॅम्प्लिफायर त्या कडक चाचणीइतका सहसा कधीच तापत नाही.

शांत अवस्थेत क्लास एबी किती तापावा, हे बायसवर ठरते. हेवलेट-पॅकार्डमधील अभियंते बार्नी ओलिव्हर यांनी १९७१ साली मांडलेल्या विश्लेषणानुसार, प्रत्येक एमिटर रोधावर (आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटर टोकाला जोडलेल्या छोट्या रोधावर) सुमारे २६ मिलिव्होल्ट मिळतील इतका प्रवाह ठेवला, तर क्रॉसओव्हरची (एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे काम जाताना होणारी) विकृती सर्वांत कमी राहते. ०.२२ ओहमच्या रोधावर तो ११८ मिलिअँपियर होतो. ±५० व्होल्टचा पुरवठा आणि प्रत्येक चॅनेलमध्ये ट्रान्झिस्टरच्या तीन जोड्या धरल्या, तर दोन्ही चॅनेल मिळून सुमारे ७० वॉट उष्णता काहीही न वाजवता निर्माण होते. मोठा क्लास एबी अ‍ॅम्प्लिफायर शांत असतानाही खोलीपेक्षा १०-१५ अंशांनी गरम का असतो, याचे उत्तर यात आहे. उलट बाजूचे उदाहरण द्यायचे, तर १९७५ साली आलेल्या क्वाड ४०५ या यंत्रात करंट डम्पिंगची युक्ती वापरली होती. तिच्यात मुख्य ट्रान्झिस्टरना स्थिर प्रवाहाची गरजच नव्हती, म्हणून ते यंत्र शांत अवस्थेत फारसे तापत नसे.

मोजपट्टी

चर्चा उत्तम चालली आहे, पण सर्वजण ज्या आकड्यांवर बोलत आहेत ते आकडेच मला संशयास्पद वाटतात. गांधार, तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरचे झाकण चकचकीत, घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे आहे का?

इन्फ्रारेड थर्मामीटर तापमान थेट मोजत नाही. पृष्ठभागातून येणारे किरण मोजून, तो पृष्ठभाग किती चांगला उत्सर्जक आहे याबद्दल एक गृहीतक धरून, तो आकडा दाखवतो. बहुतेक स्वस्त उपकरणांत हे गृहीतक ०.९५ वर पक्के बसवलेले असते. अ‍ॅनोडाइझ केलेले अ‍ॅल्युमिनियम, मग ते काळे असो वा रुपेरी, ०.८ च्या आसपास येते, त्यामुळे तिथे चूक थोडी असते. पण कच्चे, चकचकीत अ‍ॅल्युमिनियम ०.०५ ते ०.१ इतकेच उत्सर्जन करते आणि उरलेले किरण खोलीतल्या भिंतींचे परावर्तन असतात. त्यामुळे थर्मामीटर तुम्हाला झाकणाचे तापमान सांगण्याऐवजी बव्हंशी समोरच्या भिंतीचे तापमान सांगत असतो. झाकणाचे ३३ अंश मला म्हणूनच पटलेले नाहीत.

उपाय सोपा आहे. जिथे मोजायचे आहे तिथे काळ्या विद्युतरोधक चिकटपट्टीचा तुकडा नीट चिकटवा, पाच-दहा मिनिटे थांबा आणि त्या पट्टीवर थर्मामीटर अगदी जवळून धरा. त्याहून उत्तम म्हणजे मल्टीमीटरबरोबर मिळणारी के-प्रकारची थर्मोकपल (तापमान मोजणारी) तार त्याच पट्टीखाली दाबून ठेवावी. मोजण्याची जागादेखील प्रत्येक वेळी तीच असावी. पात्यांच्या टोकाशी आणि ट्रान्झिस्टर जिथे बसवले आहेत त्या तळाशी सहज चार-सहा अंशांचा फरक असतो.

गांधार

झाकण खरोखरच घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे आहे. सांगितल्याप्रमाणे चिकटपट्टी लावून आणि थर्मोकपल वापरून दीड तासानंतर पुन्हा मोजले. खोली २७ अंश, डावा हीटसिंक ५७, उजवा ५३, आणि झाकण, जे आधी ३३ दिसत होते, ते ४४ अंश निघाले. म्हणजे दोन बाजूंमधला ४ अंशांचा फरक कायम आहे. त्याबद्दल कोणी अनुभवी व्यक्तीने सांगितले तर बरे होईल.

सोल्डर

मी दुरुस्तीचे काम करतो, म्हणून या फरकाबद्दल लिहितो.

सारख्या रचनेच्या दोन चॅनेलमध्ये ३ ते ५ अंशांचा फरक मी नेहमी पाहतो आणि बहुतेक वेळा त्याचे कारण निरुपद्रवी असते. ट्रान्सफॉर्मर किंवा वीजपुरवठ्याचा रेक्टिफायर एका बाजूला जवळ असतो, एका बाजूची पाती कपाटाच्या भिंतीला लागून असतात, किंवा कारखान्यात बायस लावताना दोन्ही चॅनेलमध्ये पाच टक्क्यांचा फरक राहून गेलेला असतो. झाकण न उघडता यातले बरेचसे तपासता येते. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, गार झाल्यावर, तो कपाटाबाहेर मोकळ्या टेबलावर ठेवा आणि पुन्हा दीड तास चालवून मोजा. फरक नाहीसा झाला तर दोष जागेचा. तसाच राहिला तर स्पीकरच्या तारा काढून, काहीही न वाजवता, पुन्हा मोजा; त्यामुळे स्पीकरमधला फरक बाजूला पडतो. त्यानंतरही १० अंशांहून अधिक फरक उरला, तर मात्र बायस तपासून घ्यावा.

बायसबद्दल इतकी दक्षता का, तेही सांगतो. बायपोलर ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. बायसचा व्होल्टेज तसाच राहिला, तर ट्रान्झिस्टर तापताच त्यातून अधिक प्रवाह वाहतो, तो आणखी तापतो, आणखी प्रवाह घेतो, आणि हा फेरा वेळीच तुटला नाही तर शेवटी तो जळतो. हे रोखण्यासाठी बायस ठरवणारा एक छोटा ट्रान्झिस्टर त्याच हीटसिंकवर बसवलेला असतो, जो तापताच बायस कमी करतो. जुन्या यंत्रांत त्याचा स्क्रू सैल होतो, त्याखालची पेस्ट कोरडी पडून पांढरी भुकटी होते, किंवा बायस लावण्याच्या छोट्या प्रीसेटचा (फिरवून बदलता येणाऱ्या रोधाचा) संपर्क खराब होतो. असे झाले की तापमान एका पातळीवर स्थिर न होता हळूहळू चढत राहते. म्हणून माझ्या दृष्टीने '५७ अंश' या आकड्यापेक्षा 'दीड तासाला ५७ आणि तीन तासांनाही ५७' हे विधान कितीतरी अधिक महत्त्वाचे आहे. तापमान स्थिर होत असेल तर निश्चिंत राहा. तीन तासांनंतरही ते चढतच असेल, तर यंत्र बंद करा, मग तो आकडा ५० का असेना.

मॉसफेट या दुसऱ्या जातीच्या ट्रान्झिस्टरचे वागणे थोडे वेगळे असते. लॅटरल प्रकारचे मॉसफेट ठरावीक प्रवाहापलीकडे तापले की स्वतःच प्रवाह कमी करू लागतात, म्हणून ते या बाबतीत सहनशील मानले जातात. व्हर्टिकल प्रकारात मात्र नेहमीच्या बायसच्या पातळीवर बायपोलरसारखीच, कधी कधी त्याहून अधिक काळजी घ्यावी लागते. सगळे मॉसफेट आपोआप सुरक्षित असतात, हा समज चुकीचा आहे.

आणि एक विनंती: बायस स्वतः लावण्याच्या फंदात सवय नसताना पडू नका. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही बराच वेळ धोकादायक भार साठलेला असतो, आणि मल्टीमीटरची टोके नको तिथे टेकली तर एका क्षणात सगळा आउटपुट टप्पा जातो.

एकतारी

सोल्डर यांनी तीन तासांचा उल्लेख केला आहे. तापमान स्थिर व्हायला इतका वेळ का लागावा? माझा अ‍ॅम्प्लिफायर वीस मिनिटांत पुरेसा गरम वाटतो.

खर्ज

हा वेळ हीटसिंकच्या वजनावरून ठरतो आणि त्याचा हिशेब सोपा आहे. एक किलो अ‍ॅल्युमिनियम एका अंशाने तापवायला सुमारे ९०० ज्यूल लागतात. पाच किलोचा हीटसिंक असेल तर ४५०० ज्यूल. त्याला ०.४ अंश प्रति वॉटने गुणले की १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास येतो. एवढ्या वेळात एकूण वाढीचा सुमारे ६३ टक्के भाग पूर्ण होतो, तासाभरात ८६ टक्के आणि दीड तासात ९५ टक्के. म्हणून जड अ‍ॅम्प्लिफायरचे पहिल्या वीस मिनिटांतले तापमान हे अंतिम तापमान नसते. अनेक रसिकांना तासाभरानंतर आवाज 'उघडतो' असे वाटते. त्यामागे बायस आपल्या नेमक्या जागी येणे हे एक खरे कारण असू शकते. उरलेले किती कानाचे आणि किती मनाचे, यावर या धाग्यात वाद नको.

जुनाव्हॉल्व्ह

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्या वापरणाऱ्या) उल्लेख अजून कोणीच केला नाही, म्हणून लिहितो. इथे सगळे आकडे वेगळ्या पातळीवरचे असतात. ईएल३४ या व्हॉल्व्हचा हीटर ६.३ व्होल्टवर १.५ अँपियर घेतो, म्हणजे जवळपास साडेनऊ वॉट केवळ कॅथोड तापवण्यात जातात. त्याच्या अ‍ॅनोडची कमाल मर्यादा २५ वॉट असते आणि क्लास एबी मध्ये साधारणपणे तिच्या ६० ते ७० टक्क्यांवर बायस ठेवतात. चार व्हॉल्व्हच्या स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये केवळ या चौघांकडूनच १०० वॉटच्या आसपास उष्णता अखंड येत राहते. पॉवर व्हॉल्व्हच्या काचेचे तापमान २०० अंशांच्या घरात असू शकते आणि त्यात दोष काहीही नाही. म्हणून तिथे हात लावून पाहण्याचा विचारही करू नये, आणि लहान मुले असतील तर जाळी काढू नये.

व्हॉल्व्हच्या बाबतीत चिंतेचे लक्षण डोळ्यांना दिसते. हीटरची नारिंगी चमक आणि काही व्हॉल्व्हमध्ये काचेवर दिसणारी निळसर छटा स्वाभाविक असते, पण बाहेरची करडी अ‍ॅनोडची पत्री लाल होऊ लागली, तर यंत्र त्याच क्षणी बंद करावे. बायस गेलेला असतो, किंवा आधीच्या टप्प्यातला कपलिंग कॅपॅसिटर गळू लागलेला असतो. ट्रान्सफॉर्मरबद्दलही लोक घाबरतात; पण आतले विद्युतरोधन किमान १०५ अंश किंवा त्याहून वरच्या वर्गाचे असते, त्यामुळे त्याचे बाहेरचे आवरण ६० अंशांवर जाणे ही काही मोठी गोष्ट नव्हे. जळकट किंवा मेणासारखा वास मात्र कधीही स्वाभाविक नसतो.

पडदा

माझ्याकडे सात चॅनेलचा होम थिएटर रिसीव्हर आहे आणि तो वरून जवळजवळ गांधार यांच्या यंत्राइतकाच गरम होतो. त्याला हेच नियम लावावेत का?

सोल्डर

पूर्णपणे नाही. रिसीव्हरमध्ये सात चॅनेल एका छोट्या हीटसिंकवर दाटीने बसवलेले असतात आणि त्याशिवाय चित्र व ध्वनी हाताळणारे डिजिटल बोर्ड स्वतंत्रपणे तापते. कित्येकदा झाकणाचा सर्वांत गरम भाग अ‍ॅम्प्लिफायरच्या वर नसून याच बोर्डाच्या वर असतो. त्यामुळे बाहेरच्या तापमानावरून आउटपुट टप्प्याचा अंदाज बांधता येत नाही. अशा यंत्राला वरून दहा-पंधरा सेंटीमीटर मोकळी जागा द्या आणि त्याच्यावर दुसरे कोणतेही उपकरण ठेवू नका. झाकणावर ठेवायचा, अत्यंत मंद फिरणारा, हवा वर ओढणारा पंखा रिसीव्हरसाठी मी निःसंकोच सुचवतो; मोठ्या उभ्या पात्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरला मात्र त्याची गरज नसते, कारण ती पाती तशीच उभी ठेवण्याचे कारणच गरम हवा आपोआप वर निघून जावी हे असते. पात्यांच्या खालून हवा आत यायला वाट हवी, हे लोक विसरतात आणि यंत्राचे पाय जाड गालिच्यात रुतवून ठेवतात.

क्लास डी बद्दल एवढेच की भरपूर शक्तीवर त्याची कार्यक्षमता ९० टक्क्यांहून अधिक असते, त्यामुळे गांधार यांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर कोमट राहत होता यात नवल नाही. परंतु क्लास डी चा अ‍ॅम्प्लिफायर शांत असताना हाताला स्पष्ट गरम लागू लागला, तर मी त्याकडे क्लास ए पेक्षा अधिक गंभीरपणे पाहीन, कारण तिथे तसे होण्याची अपेक्षाच नसते.

मोजपट्टी

हात लावण्याचा विषय निघालाच आहे, तर त्यालाही आकडे आहेत. ध्वनी-चित्र उपकरणांच्या सुरक्षिततेचे जुने मानक आयईसी ६००६५ होते आणि त्याची जागा आता आयईसी ६२३६८-१ ने घेतली आहे. युरोप व अमेरिकेत हा बदल डिसेंबर २०२० पासून लागू झाला. त्यातल्या सर्वांत सौम्य वर्गात, दीर्घकाळ हातात धरायच्या धातूच्या भागासाठी ४८ अंश, दहा सेकंदांपासून मिनिटापर्यंत स्पर्श होऊ शकणाऱ्यासाठी ५१, एक ते दहा सेकंदांच्या ओझरत्या स्पर्शासाठी ६० आणि ज्याला हात लावण्याचे कारणच नाही त्यासाठी ७० अंश अशा मर्यादा आहेत. म्हणून आवाजाची कळ ४८ च्या खाली असावी ही अपेक्षा रास्त आहे, पण बाजूचा हीटसिंक ५७ वर असणे याही हिशेबात बसते. ढोबळ अनुभव असा की ५० अंशांच्या धातूवर हात दहा-पंधरा सेकंद टिकतो, ५५ वर पाचएक सेकंद, आणि ६० च्या पुढे तो आपोआप मागे येतो. माणसामाणसांत यात बराच फरक पडतो, त्यामुळे हा अंदाज थर्मोकपलची जागा घेऊ शकत नाही.

अल्पमत

सर्वजण गांधार यांना धीर देत आहेत, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. ट्रान्झिस्टर ५७ अंशांच्या हीटसिंकवर वर्षानुवर्षे टिकेल हे मान्य आहे, पण यंत्रात ट्रान्झिस्टर एकटा राहत नाही. त्याच पेटीत इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असतात आणि त्यांचे आयुष्य तापमानाशी थेट बांधलेले असते. सर्वमान्य ठोकताळा असा आहे की दर १० अंश कमी झाले की त्यांचे आयुष्य दुप्पट होते. ८५ अंशांवर २००० तास अशी हमी असलेला कॅपॅसिटर ५५ अंशांवर १६,००० तास टिकेल. रोज आठ तास यंत्र चालू ठेवले तर ही साडेपाच वर्षे होतात, आणि चोवीस तास चालू ठेवले तर दोन वर्षेही पुरी होत नाहीत. त्याच जागी १०५ अंशांचा कॅपॅसिटर असेल तर तेच आयुष्य ६४,००० तासांवर जाते. तेव्हा 'तापणे स्वाभाविक आहे' हे खरे असले, तरी ते फुकट नाही. क्लास ए अ‍ॅम्प्लिफायर कायम चालू ठेवावा, असा जो सल्ला काही ठिकाणी दिला जातो, तो मला अजिबात मान्य नाही.

खर्ज

या हिशेबाशी मी सहमत आहे, फक्त दोन गोष्टी जोडतो. एक म्हणजे मोठे फिल्टर कॅपॅसिटर सहसा हीटसिंकपासून दूर, पेटीच्या मध्यभागी असतात आणि तिथले तापमान हीटसिंकपेक्षा दहा-पंधरा अंशांनी कमी असते. धोका असतो तो हीटसिंकला चिकटून बसवलेल्या ड्रायव्हर बोर्डावरच्या छोट्या कॅपॅसिटरना. दुसरी म्हणजे ठोकताळ्यातला तास संपला म्हणजे कॅपॅसिटर त्या दिवशी निकामी होतो असे नव्हे, तर त्याची क्षमता आणि अंतर्गत रोध ठरावीक मर्यादेबाहेर जातात. चांगल्या रचनेत त्यानंतरही यंत्र बराच काळ समाधानकारक वाजते. पण कायम चालू ठेवण्याला माझाही विरोध आहे. वाजवायच्या तासभर आधी सुरू करावा आणि वाजवून झाल्यावर बंद करावा, एवढे पुरे.

गांधार

सर्वांचे आभार. सोल्डर यांनी सांगितल्याप्रमाणे अ‍ॅम्प्लिफायर मोकळ्या टेबलावर ठेवून, स्पीकरच्या तारा काढून मोजले. खोली २७ अंश असताना डावा ५४ आणि उजवा ५२.५ आला, आणि तीन तासांनंतरही तेच आकडे राहिले. कपाटात डाव्या बाजूची पाती लाकडी फळीपासून जेमतेम तीन सेंटीमीटरवर होती, ती आता पंधरा सेंटीमीटर दूर ठेवली आहे. उरलेल्या दीड अंशाच्या फरकासाठी ट्रान्सफॉर्मरची जागा तपासावी का? तो डावीकडेच आहे, असे वरच्या जाळीतून दिसते.

शेवटचा एक प्रश्न: खोली ४० अंशांवर जाते तेव्हा हे यंत्र वापरावे का?

सोल्डर

दीड अंशासाठी काहीही तपासू नका. तो फरक ट्रान्सफॉर्मरचा असो वा बायसचा, त्याने काही बिघडत नाही.

४० अंशांच्या खोलीत तुमचा हीटसिंक ६७ अंशांच्या आसपास जाईल. खर्ज यांच्या उदाहरणातला हिशेब धरला तर चकती १०४ अंशांवर असेल, म्हणजे ट्रान्झिस्टरची मर्यादा अजून दूर आहे. पण हीटसिंकवरचा संरक्षक थर्मल स्विच बहुधा ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान कुठेतरी लावलेला असतो, त्यामुळे मोठ्या आवाजात तो मध्येच यंत्र बंद करण्याची शक्यता आहे. तसे झाले तर तो दोष समजू नये. तो स्विच त्याचसाठी आहे. मात्र त्याला तार जोडून कायमचा बाद करणारे महाभाग मी पाहिले आहेत, ते करू नका. माहितीपुस्तिकेत वापरासाठी खोलीच्या कमाल तापमानाचा आकडा शोधा. बऱ्याच उत्पादकांनी तो ३५ किंवा ४० अंश असा दिलेला असतो, आणि त्या मर्यादेपलीकडच्या दिवसांत पंखा लावून, कमी वेळ ऐकलेले बरे. वीजपुरवठ्याचा व्होल्टेज वाढलेला असेल तर त्याच प्रमाणात उष्णताही वाढते. पुरवठा दहा टक्के वर असेल आणि आतला बायस स्थिर प्रवाहाचा असेल, तर २७ अंशांची वाढ जवळपास ३० होईल. तेव्हा पुढच्या वेळी आकडा अचानक वेगळा दिसला, तर आधी खोलीचे तापमान आणि भिंतीवरचा व्होल्टेज दोन्ही मोजा, आणि मगच यंत्रावर संशय घ्या.